ब्याड्री सर

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. मतपत्रिकेचे चक्क पुस्तक झाले होते. मी तेव्हा नवखा शिक्षक. एका खेड्यात केंद्राध्यक्ष म्हणून माझी नेमणूक झाली होती. मतदान संपले, हिशेब मांडला, तर यादीत खूण केलेली नावे आणि मतपत्रिकांच्या स्थळप्रती यांत एकाचा फरक. जीव मेटाकुटीला आलेला, पेट्या न्यायला आलेला ट्रक बाहेर घरघरत होता. मी म्हणालो, "एकाने काय होते? जुळवून लिहा." हाताखालचा कानडी कारकून हळूच म्हणाला, "ब्याड्री सर." नको, सर. पुन्हा मोजताना दोन स्थळप्रती एकमेकींना चिकटलेल्या सापडल्या. हिशेब जुळला, मी मात्र खजील झालो.

नागरिकशास्त्राच्या तासाला मुले विचारतात, हुकूमशहा निवडणुका घेतातच कशाला? मी फिलिपीन्सचे उदाहरण देतो. फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला. १९८१ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधकांनी बहिष्कार घातला. मार्कोस आरामात निवडून आले. अशा निवडणुकीने सत्ता डळमळत नाही. उलट तिच्यावर लोकमान्यतेचा शिक्का बसतो. त्याच शिक्क्यासाठी त्यांनी ७ फेब्रुवारी १९८६ ला मुदतीआधी निवडणूक घेतली. समोर कोराझोन अकिनो उभ्या राहिल्या.

९ फेब्रुवारीला मनिलाच्या सरकारी मोजणी केंद्रातून संगणकावर काम करणारे ३५ जण उठून बाहेर पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. संगणकातले आकडे आणि फलकावरचे आकडे जुळत नाहीत, असे त्यांनी उघड सांगितले. तरीही संसदेने मार्कोस यांनाच विजयी घोषित केले. पण त्या शिक्क्याची शाई आता उडाली होती. सैन्यातला एक गट फिरला, लाखो लोक रस्त्यावर आले आणि २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून गेले.

निवडणूक हुकूमशहाला तारते खरी, पण त्यासाठी सांगतील ते आकडे निमूट लिहिणारे हात लागतात. ते हात थांबले, की तीच निवडणूक त्याच्यावर उलटू शकते.

त्या ३५ जणांची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो. त्या खेड्यातली संध्याकाळ मात्र अजून एकाही वर्गात सांगितलेली नाही. कारण त्या दिवशी 'जुळवून लिहा' म्हणणारा मीच होतो.