भाच्याची सकाळ

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, दोन्ही बाजूंना यंत्रमाग. उजाडायच्या आधीच खटखट सुरू. इथं कुणाला उठवावं लागेल असं कधी मनातही आलं नव्हतं. मग भावाचा मुलगा अकरावी सायन्सला आला आणि माझ्याकडे राहू लागला. क्लास सकाळी साडेसहाचा. "ताई, त्याला तू उठवू नकोस, त्याचा तो उठायला शिकव. पुढं होस्टेलवर कोण असणारंय?" भाऊ फोनवर म्हणाला. मला मूलबाळ नाही. सोळा वर्षांचं पोर कसं झोपतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

सुरुवात हाकांनीच केली. "उठलो गं आत्या," म्हणत तो उठून बसायचा, चादरीची घडीसुद्धा घालायचा. मी चहा टाकून येईपर्यंत त्याच घडीवर डोकं ठेवून गाढ. दुपारी विचारलं तर हाक मारल्याचं आठवायचंच नाही. खोटं बोलतोय असं वाटून मला राग यायचा. पुढं कळलं की गाढ झोपेतून एकदम ओढून काढलं तर मेंदू पुरता जागा व्हायला वेळ लागतो, कधी 15 मिनिटं, कधी अर्धा तास. इंग्रजीत स्लीप इनर्शिया. आपण झोपेची जडता म्हणू. त्या वेळात दिलेल्या शब्दाला काही अर्थ नसतो.

मग गजर. मोबाईल स्टीलच्या पातेल्यात ठेवला. शेजारच्या अक्का "काय पडलं?" म्हणून धावत आल्या, हा झोपलेलाच. पातेलं स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेलं, तर तो चालत गेला, गजर बंद केला आणि तिथंच फरशीवर, पिठाच्या डब्याला टेकून झोपला. आणि एका पहाटे वीज गेली. माग थांबले, गल्ली चिडीचूप झाली, तसा हा ताडकन उठून बसला. "आत्या, काय झालं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, झोपेतसुद्धा सवयीचा आवाज कानावरून जातो, जाग येते ती बदलानं. मग आम्ही गजराचे सूर बदलत राहिलो. थोडे दिवस जमलं, नंतर तेही सवयीचे झाले.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "झोपतो किती वाजता?" मला सांगता येईना. मी नऊलाच आडवी होते. भाचाच म्हणाला, "साडेबारा." डॉक्टरांनी बोटांवर हिशोब केला: या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, याला मिळते जेमतेम पाच तास. घोरतो का, वर्गात पेंगतो का, हे विचारलं, हिमोग्लोबिनही तपासायला सांगितलं. मग समजावलं की वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. म्हणजे दहाला दिवा घालवला तरी या मुलांना झोप येतेच असं नाही. त्याला आळशी म्हणणं मी त्या दिवशी बंद केलं.

सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं, असंही डॉक्टर म्हणाले. सोपं वाटलं. पण जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, सोलापुरात सूर्य उगवतो सातच्या सुमारास. देशाची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर धरलेली. आपण त्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य इथं 26 मिनिटं उशिरा येतो. साडेपाचला उठायचं म्हणजे रात्रीच उठायचं. मग टायमरच्या प्लगला पांढरा दिवा जोडला, गजराच्या थोडा आधी लागेल असा. घंटेचं घड्याळ भाच्यानं स्वतः नव्या पेठेतून निवडून आणलं. रात्री दोघांचेही मोबाईल हॉलमध्ये, त्यामुळे तो अकराच्या आत झोपू लागला. रविवारी फार तर तासभर उशीर. माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं ते हाक न मारणं. घड्याळ वाजून थांबलं, खोलीत हालचाल नाही, आणि मी भाकरी थापतेय. क्लास चुकला. "आत्या, उठवायचं नाही का?" पोटात कालवलं, तरी मी "नाही" म्हटलं. चुकलेला तास त्यानं मित्राच्या वहीतून उतरवून घेतला. त्यानंतर बहुतेक सकाळी तो आपापला उठला.

गल्लीतले एक आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. म्हणाले, "आम्हाला भोंगा उठवायचा, अख्ख्या गल्लीला एकदम. एकट्यानं उठायला आम्हाला तरी कुणी शिकवलं?"

एप्रिलमध्ये स्लॅब तापला, तशी अंथरुणं गच्चीवर गेली. सहाच्या सुमारास उजाडलं की कुणी न उठवता भाचा अंथरूण गुंडाळून खाली. ना गजर, ना दिवा.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं परिपत्रक काढलं. चांगलं झालं. पण झोपेचं घड्याळ मागं पडतं ते त्यांच्याहून मोठ्या मुलांचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्येच सांगितलं होतं की किशोरवयीन मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत. कॅलिफोर्नियात हायस्कूलसाठी 2022 पासून तसा कायदाच लागू आहे. आपल्या गावातल्या क्लासचालकांना माझी हात जोडून विनंती आहे, अकरावी-बारावीची पहिली बॅच निदान थंडीत तरी सूर्य उगवल्यावर घ्या.