गच्चीवरून आलेलं नेट

ठाण्यात २००५ च्या सुमारास एमटीएनएलचं ट्रायबँड नावाचं ब्रॉडबँड आलं. आमच्या माजिवड्याच्या सोसायटीत मात्र नेट आणलं केबलवाल्याने. त्याने गच्च्यांवरून लॅनच्या वायरी ओढल्या, जिन्याखालच्या डब्यांत स्विच बसवले आणि आजूबाजूच्या इमारती जोडून टाकल्या. पावसाळ्यात वीज कडाडली की स्विच जळायचा आणि त्याचा पोरगा क्रिंपिंगची पक्कड घेऊन भिजत गच्चीवर चढायचा.

प्लॅन २५६ केबीपीएसचा. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादाही तेवढीच होती. लिनक्सची ७०० एमबीची सीडी उतरवायला सहा तास लागत, तेही लाईट टिकली तर. तीच सीडी केबलवाल्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवरून मात्र दोन-तीन मिनिटांत यायची, कारण वाटेतले स्विच १०० एमबीपीएसचे होते. प्लॅनच्या जीबीतूनही काही कापलं जात नसे. केबलवाल्याला पैसे मोजावे लागत ते बाहेरून घेतलेल्या बँडविड्थचे, आपल्याच वायरींवर फिरणाऱ्या डेटाचे नव्हे.

त्या सर्व्हरवर चोरीचे सिनेमे भरपूर होते. ते चूकच होतं. पण अँटिव्हायरसचे अपडेट, इंजिनिअरिंगच्या नोट्स, मुंबई विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही तिथेच मिळत. शेजारच्या इमारतीतली मुलं मला आधी फाइल वाटायच्या डीसी प्लस प्लसच्या हबवर भेटली, मग काउंटर-स्ट्राइक खेळताना, आणि त्यानंतर खाली गेटपाशी.

३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतभर नेट रखडलं. बाहेरच्या साइट उघडेनात. आमचा लोकल सर्व्हर मात्र नेहमीच्याच वेगाने चालू होता. हे जाळं आपलं आहे, ही जाणीव मला तेव्हा झाली.

आता घरोघरी फायबर आहे. वेग कितीतरी पट वाढला, पण बी विंगमधून ए विंगला लग्नाचा व्हिडिओ पाठवला तरी तो दूरच्या डेटा सेंटरला जाऊन येतो. एका घराचं यंत्र दुसऱ्याला थेट दिसू नये अशीच ही जोडणी बहुतेक ठिकाणी केलेली असते. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. तरीही मध्ये एक स्थानिक सर्व्हर ठेवायला कोणाची आडकाठी आहे? लिनक्स, शालेय पुस्तकं, स्वामित्वहक्क संपलेलं मराठी साहित्य, सोसायटीची कागदपत्रं, एवढं त्यावर सहज मावेल.

तुमच्याकडे अजून गल्लीतलाच माणूस नेट देत असेल, तर पुढचं रिचार्ज करताना त्याच्याकडे असा सर्व्हर मागा. चार इमारतींनी मिळून मागितलं तर तो देईल.