दोनशे मीटरचा डोळा

दिवसभर तो कोटाच्या खिशात असतो. वजन पाव किलोच्या आसपास, अंग काळं, पुढे भिंग, मागे रबरी कप, डोक्यावर छोटासा टॉर्च आणि पोटात १८६५० आकाराची एक बॅटरी. इंग्लंड आणि वेल्सच्या सरहद्दीवरच्या मेंढ्यांच्या शेतांवर मार्च-एप्रिल हा कोकरांचा हंगाम. नुकतं जन्मलेलं, अजून धड उभं न राहिलेलं कोकरू कोल्ह्याला फार सोपं पडतं. अशा रात्री शेतकरी अंधारात पाहणारा हा छोटा कॅमेरा खिशातून काढतो, रायफलच्या दुर्बिणीच्या मागच्या टोकावर बसवलेल्या कड्यात घालतो आणि एक पीळ देतो. कडं सैल बसू नये म्हणून आत इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचे दोन-तीन वेढे असतात. खट्ट आवाज होतो आणि दिवसाची रायफल रात्रीची होते. त्याचं घराणं ‘ॲड-ऑन’ म्हणून ओळखलं जातं. चीनमधल्या शेनझेनच्या ‘पार्ड’ कंपनीचा एनव्ही ००७ हा त्यातला इंग्लंडच्या शेताशेतांवर पोचलेला गडी.

त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही. रायफल आणि दुर्बीण यांचं एकमेकींशी नातं जुळवायला वेळ लागतो. गोळ्या झाडून, स्क्रू किंचित फिरवून, पुन्हा झाडून नेम जुळवतात. त्याला नेमबाज ‘झीरो करणं’ म्हणतात. दुर्बीण जरा हलली की ही मेहनत वाया जाते. ॲड-ऑन मात्र दुर्बिणीला हलवत नाही, काढत नाही, तिची जागाही घेत नाही. तिच्या मागे उभा राहून, माणसाचा डोळा जिथून बघतो तिथूनच तो बघतो. नेमाची फुली दुर्बिणीच्या आत आहे, समोरचं दृश्यही तिच्यातूनच येतं. तो या दोन्हींचं एकत्र चित्र टिपतो आणि आतल्या चिमुकल्या पडद्यावर दाखवतो. म्हणून तो कड्यात थोडा वाकडा बसला तरी नेम ढळत नाही. दुर्बिणीच्या पुढे बसणारे त्याचे भाऊबंद आहेत. त्यांच्यातून प्रकाश आधी जातो, त्यामुळे ते तसूभर तिरके असले तरी गोळी बाजूला जाऊ शकते. मागे उभं राहणाऱ्याला ही भीती नाही.

त्याचं कूळ युद्धातलं आहे. १९४५ मध्ये जर्मनांनी आपल्या असॉल्ट रायफलवर ‘व्हॅम्पीर’ नावाची अवरक्त दुर्बीण चढवली, तेव्हा ती चालवण्यासाठी सैनिकाला जड बॅटरी पाठीवर वाहावी लागे. त्याच वर्षी ओकिनावाच्या लढाईत अमेरिकी सैनिकांच्या कार्बाइनवरही असाच अवरक्त दिवा आणि दुर्बीण होती. तत्त्व तेच होतं: माणसाला न दिसणारा उजेड आपणच टाकायचा आणि तो ओळखणाऱ्या यंत्रातून बघायचं. पुढे प्रकाश हजारो पटींनी वाढवणाऱ्या नळ्या आल्या. त्या महाग आणि नाजूक, भर उन्हात उघड्या ठेवल्या तर खराब होणाऱ्या. मग १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही उजेडाचं चित्र टिपणारी सिलिकॉनची चिप शोधली. त्या शोधाला २००९ मध्ये नोबेल मिळालं. सिलिकॉनच्या अशा चिपांमुळेच पुढे स्वस्त कॅमेरे आले. इंग्लंडमधल्या हौशी नेमबाजांनी सीसीटीव्हीचा कॅमेरा, छोटा पडदा आणि अवरक्त टॉर्च टेपने दुर्बिणीला बांधून घरच्या घरी रात्रीची दृष्टी तयार केली. आजचा गुळगुळीत ॲड-ऑन त्या टेपने बांधलेल्या जुगाडाचाच शहाणा मुलगा आहे.

तो पाहतो कसा, हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहसंस्थेच्या फाटकावर दिसेल. रात्री सीसीटीव्हीभोवती जे अंधुक लाल ठिपके लुकलुकतात, ते ८५० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे. सिलिकॉनला हा उजेड स्पष्ट दिसतो. दिवसाच्या कॅमेऱ्यात रंग बिघडू नयेत म्हणून तो गाळून टाकावा लागतो. रात्रीच्या कॅमेऱ्यात तो आत येऊ देतात. जंगलातल्या पायवाटांवरचे काही ट्रॅप कॅमेरेही रात्री असाच उजेड टाकतात. ॲड-ऑनच्या पडद्यावर जग उलटंपालटं होतं. हिरवी पानं अवरक्त उजेड परत फेकतात, म्हणून गवत बर्फासारखं पांढरं दिसतं. कोल्ह्याचा तांबूस रंग फिका करडा होतो. आणि कोल्ह्याने मान वळवली की डोळ्यांच्या मागचा चकाकणारा थर तो उजेड थेट परत पाठवतो: अंधारात दोन पांढरे दिवे लागतात. जुन्या पद्धतीच्या झगझगीत दिव्याला एकदा बिचकलेला कोल्हा पुढच्या वेळी दिवा दिसताच पळतो. हा उजेड त्याला जवळपास दिसत नाही. दिव्याकडे सरळ पाहिलं तर एक मंद लाल ठिपका, तेवढाच. तोही नको असेल तर ९४० नॅनोमीटरचा दिवा असतो. तो पूर्ण अदृश्य, पण त्याचा पल्ला कमी.

स्वभावाने तो हळवा आहे आणि त्याच्याशी नीट वागावं लागतं. धुकं आलं की तो आंधळा होतो, कारण स्वतःचाच उजेड थेंबांवर आपटून परत त्याच्या तोंडावर येतो. नाकासमोर गवताचं एखादं पातं असलं तरी ते पेटल्यासारखं पांढरं होतं आणि मागचं सगळं त्यात बुडतं. त्याला मोठेपणाचाही सोस चालत नाही. दुर्बिणीची ताकद वाढवली की आत येणारा उजेड घटतो, चित्र काळवंडतं आणि त्यात दाणे उठतात. म्हणून जाणते लोक दुर्बीण खालच्या ताकदीवर ठेवतात. आधी त्याच्या भिंगाने फुली स्पष्ट करायची, मग दुर्बिणीच्या बाजूच्या चकतीने लक्ष्य स्पष्ट करायचं, हा क्रम त्याला लागतो. दिवसा त्या चकतीवर शंभर मीटरला जी खूण बसते ती रात्री बसत नाही, कारण अवरक्त किरण काचेतून वेगळ्या जागी एकवटतात. तो मागे जोडला गेल्याने रायफल लांबते आणि गालाची सवयीची जागा बदलते. त्याचा पडदा डोळ्याला इतका जवळ उजळतो की डोळा बाजूला घेतल्यावर काही वेळ समोरचं शेत काळंभोर वाटतं.

त्याची जोडी जमते ती उष्णतेवर पाहणाऱ्या थर्मल दुर्बिणीशी. ती हातात धरायची. गवतात दडलेलं ऊबदार अंग तिला लांबून सापडतं, पण ते कोण आहे हे ती नेहमी सांगू शकत नाही. ते काम ॲड-ऑनचं. कान, शेपटी, चाल, अंगावरचा पट्टा तो दाखवतो. नुसत्या चमकत्या डोळ्यांवर मात्र त्याचाही भरवसा धरता येत नाही. मेंढी, हरीण, मांजर, शेजाऱ्याचा कुत्रा, बॅजर या सगळ्यांचे डोळे चमकतात. ब्रिटनमध्ये बॅजरला १९९२ च्या कायद्याचं संरक्षण आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने बॅजर, पाणमांजर, हेजहॉग अशा यादीतल्या प्राण्यांवर रात्रीच्या दृष्टीची साधनं वापरायला बंदी आहे. इंग्लंडमध्ये सूर्यास्तानंतर तासाभराने ते सूर्योदयाच्या तासभर आधीपर्यंत हरणावर गोळी झाडता येत नाही. कोल्हा आणि ससा १९८१ च्या यादीत नाहीत, म्हणूनच हे साधन शेतकऱ्याच्या खिशात आलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळपास बंदच आहे, त्यामुळे रात्रीच्या शिकारीला त्याची इथे जागा नाही. त्याचा जातभाई ट्रॅप कॅमेरा तेवढा इथे जंगलाची मोजदाद करतो.

त्याच्याबद्दल मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याची मर्यादा. त्याच्या उजेडाचा पल्ला साधारण दीडशे-दोनशे मीटर. त्यापलीकडे पडद्यावर काळं असतं. पण रायफलची गोळी त्या काळ्यापाशी थांबत नाही. ससे मारायला वापरतात ती .२२ रिमफायरची छोटी गोळीसुद्धा दीड मैलापर्यंत जाऊ शकते, हा इशारा तिच्या पाकिटावर छापलेला असतो. कोल्ह्यासाठी वापरतात त्या सेंटरफायर गोळ्या आणखी दूर जातात. म्हणजे जेवढं तो दाखवतो, त्याच्या दहापटीहून अधिक अंतर तो दाखवत नाही, आणि धोका नेमका तिथे असतो: पलीकडचा रस्ता, तंबू ठोकून झोपलेला कुणी, दुसऱ्याच्या मालकीचा कळप. गोळी अडवणारा मातीचा उतार मागे आहे की नाही, हे पडदा सांगणार नाही.

ते सांगतो फक्त दिवस. म्हणून तिकडचे जबाबदार नेमबाज रात्री जाण्याआधी उजेडात शेत पायी फिरून येतात. चढ कुठे आहे, पायवाट कुठून जाते, घर कुठल्या अंगाला आहे, कुठल्या दिशेला रायफल वळवायचीच नाही, हे ठरवतात. ब्रिटनमध्ये या साधनाला परवाना लागत नाही, पण रायफलला लागतो. आणि नव्या परवानाधारकाला बहुधा पोलिसांनी योग्य ठरवलेल्या जमिनीवरच ती वापरता येते. कायद्याने जमिनीची ओळख महत्त्वाची मानली आहे, ते बरोबरच आहे.

मला हे साधन आवडतं ते त्याच्या सचोटीसाठी. जे दिसतं ते तो स्वच्छ दाखवतो आणि जे दिसत नाही तिथे अंधारच ठेवतो. त्या अंधाराच्या जागी आपला अंदाज भरणं ही चूक माणसाची असते. ज्याने ती जमीन दिवसा पायांखाली घातलेली नाही, त्याच्या हातात हा डोळा कितीही चांगला असला तरी त्याने त्या रात्री चाप ओढू नये.