क्राऊनचे दाते मोजून घ्या

बागाईतदार मंडळींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या दारात जुनी फोर बाय फोर जीप किंवा तिच्याच अंगाची पिकअप उभी असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नव्या गाडीवाल्यांनी वाचले नाही तरी चालेल. पण नवी गाडीही एक दिवस जुनी होतेच.

आमचे गाव बुरोंडी, तालुका दापोली. खाली समुद्र, वर कातळाचा सडा आणि मधल्या उतारावर आमची हापूसची कलमे. बागेतून वर येणारी पाणंद तांबड्या मातीची. उन्हाळ्यात तिच्यावरून कोणतेही वाहन चढते, पण मे महिन्याच्या अखेरीस वळवाची एक सर पडली की तिचा साबण होतो. मग चारही चाके ओढणारी गाडी नसेल तर आंबा डोक्यावरून वर आणायचा. म्हणून 1998 साली मी चिपळूणच्या एका गृहस्थांकडून जीपच्या जातीची जुनी डिझेल पिकअप विकत घेतली. दहा वर्षे तिने तक्रार केली नाही.

2008 च्या डिसेंबरात पुढच्या हौसिंगमधून कटकट ऐकू येऊ लागली. खोलून पाहिले तर क्राऊनचे दोन दाते उडालेले. मुंबईला निघालेल्या पुतण्याच्या हाती मी चिठ्ठी दिली. आर. सी. पुस्तकात पाहून गाडीचे नाव, साल आणि खाली ‘पुढचा क्राऊन-पिनियन, एक जोडी’ एवढेच लिहिले. दुकानदाराने चिठ्ठी वाचून खोके दिले. जोडी हौसिंगमध्ये चपखल बसली. गाडी दापोलीला नेली, खेडला नेली, कुठे आवाज नाही. जुना क्राऊन मी भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकला.

तुम्ही विचाराल, फोर व्हीलचा लिव्हर ओढून पाहिला नाही का? नाही पाहिला. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावायचे नाही हे आम्हाला चांगले ठाऊक होते, आणि नेमक्या त्याच शहाणपणाने आमचा घात केला.

पुढच्या मे महिन्यात, शेवटच्या तोडणीला, दुपारीच सर कोसळली. गाडीत 40 पेट्या, वर पुतण्या बसलेला. वाशीचा ट्रक संध्याकाळी सुटणार होता. मी लिव्हर ओढला. गाडी अडखळत, जणू कोणी मागून दाव्याने धरली आहे अशी, पन्नास-साठ पावले चढली. मग खालून धाडकन आवाज आला. पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटून शाफ्ट लोंबकळला, पुढच्या चाकांची ओढ गेली आणि गाडी मागे घसरू लागली. पुतण्याने उडी टाकली. गाडी गडग्याला टेकली म्हणून थांबली, नाहीतर खालच्या वळणावर काय झाले असते ते आजही मनात आणवत नाही. रात्रभर पाऊस चालू होता. ट्रक गेला आणि निम्म्याहून अधिक आंबा पुढे कॅनिंगच्या भावाने घालावा लागला. वहिनी मला एक शब्दही बोलली नाही. ते जास्त लागले.

दापोलीचे एक म्हातारे मिस्त्री गाडी पाहायला आले. मी त्यांना गाडीचे मॉडेल सांगू लागलो. ते म्हणाले, “भाऊ, नाव मला काय सांगता? गाडीला विचारा ना!” आणि त्यांनी खिशातून खडू काढला.

त्यांनी केले ते तुम्हीही घरी करू शकता. गाडी सपाट जागी उभी करा. गिअर न्यूट्रलला, फोर व्हील सुटलेले, हँडब्रेकही सोडलेला. म्हणून बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावायचे विसरू नका. मागचे एकच चाक जॅकवर उचला. त्या चाकावर खडूने एक रेघ आणि प्रोपेलर शाफ्टवर एक रेघ ओढा. आता चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे दुसऱ्याला मोजायला सांगा. दोन फेरे अशासाठी, की एक चाक जमिनीवर अडले असले म्हणजे उचललेले चाक क्राऊनच्या दुप्पट फिरते. मग तेच पुढच्या चाकाला करा. पुढे लॉक हब असतील तर ते लावून घ्या.

आमच्या गाडीचा मागचा शाफ्ट पाच फेऱ्यांना किंचित कमी फिरला. पुढचा पाच पुरे करून वर आणखी एक तृतीयांशाहून थोडा अधिक गेला. मिस्त्रींनी जमिनीवर हिशेब मांडला. मागच्या क्राऊनला 39 दाते, पिनियनला 8. नव्या पुढच्या क्राऊनला 43 आणि पिनियनला पुन्हा 8च. म्हणजे मागे 4.88 आणि पुढे 5.38. फोर व्हील लावले की या गाड्यांत दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडून सारखे फिरतात. मागची चाके 110 हात जायला बघतात तेव्हा पुढची 100 हातच जातात. हा दहा हातांचा फरक कुठेतरी निघायला हवा. निसरड्या चिखलात चाक थोडे घसरून तो निघतो, पण भरल्या गाडीने मधल्या कातळावर चाके घट्ट धरली की काहीतरी तुटतेच. टू व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट मोकळाच फिरतो, म्हणून खेडपर्यंत जाऊनही आम्हाला पत्ता लागला नाही.

मग दुकानदाराने फसवले का? मला तसे वाटत नाही. चिठ्ठीत लिहिलेल्या गाडीचा माल त्याने दिला. चूक अशी, की आमची गाडी कागदावर होती ती राहिलीच नव्हती. आधीच्या मालकाने कधीतरी दोन्ही एक्सल नंतरच्या गाडीचे बसवले होते. बोलला मात्र नव्हता.

या गाड्यांत असे होणे सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी निघालेली विलिस जीप महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे आणली. अमेरिकेत सीजे-3बी हे मॉडेल 1968 साली बंद झाले, आपल्याकडे त्याच तोंडवळ्याच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे बनत राहिल्या. आतले मात्र बदलत गेले. पेट्रोलची डिझेल झाली, 1980 च्या दशकात प्यूजो इंजिन आले, गिअरबॉक्स बदलले. मागच्या एक्सलच्या टोकाला कुठे 10 खाचा तर कुठे 19. बाहेरून सगळ्या बहिणी-बहिणी. त्यात सैन्याच्या लिलावातले सामान, अपघातातल्या गाड्यांचे सामान, एकीचे दुसरीला लावलेले. ‘जीपचा क्राऊन द्या’ म्हणणे म्हणजे दुकानात जाऊन ‘माणसाचा चष्मा द्या’ म्हणण्यासारखे आहे.

मी एस. टी. ने पुण्याला गेलो. पिशवीत तुटलेला क्रॉस, काढलेला चुकीचा क्राऊन-पिनियन आणि कागदावर ‘39–8’. नाना पेठेत दुकानामागून दुकान फिरलो. बहुतेकांनी पहिला प्रश्न विचारला, “गाडी कोणती?” एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र गाडी विचारलीच नाही. दोन बोटांनी दाते मोजले आणि आतून खोके आणले. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट सांगतो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरतात. नंबर वेगळे दिसले तर ती जोडी नव्हे, माल कितीही चकचकीत असो. बसवतानाही शिम घालून, दातांना निळा रंग लावून डाग कुठे पडतो ते मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

बाकीच्या भागांचेही तेच. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडीवरच कोरलेला असतो, ग्रीस पुसून वाचावा. ऑइल सीलवर बहुधा तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. क्रॉसची टोपी आणि लांबी मोजावी. जुना भाग नवा बसून, गाडी सगळ्या गिअरांत आणि ओल्या मातीत फोर व्हीलमध्ये चालवून होईपर्यंत भंगारात देऊ नये. किनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांनी हब जरा लवकर उघडावेत. खारे पाणी आत गेले की ग्रीस दुधासारखे पांढरे होते, आणि मग नंबर वाचायलाही बेअरिंग जागेवर राहत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले तेव्हा आमची बरीच कलमे मुळासकट आडवी झाली. वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडे. त्या पंधरवड्यात याच पिकअपने वाडीतल्या लोकांचे पत्रे, कौले, ओंडके त्याच पाणंदीने ओढले. लिव्हर ओढताना माझा हात अजूनही थांबतो आणि कान खालच्या आवाजाकडे जातो. पुतण्या आता मागे बसत नाही. तो स्वतःच चालवतो आणि मला बाजूला बसवतो.

सध्या डाव्या हबचे सील पुन्हा गळू लागले आहे. परवा तो बाजारात जायला निघाला तेव्हा मी नंबर विचारला. त्याने खिशातून जुने सील काढून दाखवले.