स्थळ

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर एक तांबूस कुत्री दुभाजकाला टेकून बसलेली दिसली. पाऊस कोसळत होता आणि ती आडोशाला जात नव्हती, एवढ्यावरूनच काहीतरी बिघडले आहे हे कळले. कुठल्याशा वाहनाने तिचा मागचा पाय मोडला होता. एका रिक्षावाल्याने, "मागे पोतं अंथरतो, मग ठेवा," असे म्हणून आम्हां दोघींना दवाखान्यात पोचवले आणि भाडे घेतले नाही. पशुवैद्यांनी मांडीच्या हाडात सळई बसवली आणि सहा आठवडे हिला खोलीबाहेर पळू देऊ नका, असे बजावले. खोली माझी होती, घर मात्र भाड्याचे. घरमालकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. त्यांच्या जागी मी असते तर एवढीही दिली असती की नाही, कोण जाणे.

तिला नाव ठेवायचे नाही, असे मी पहिल्याच दिवशी ठरवले. नाव ठेवले की माया जडते, आणि जिला तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती द्यायचे तिच्यावर माया जडवून घेण्यात शहाणपण नव्हते. मी तिला नुसते "अगं" म्हणत असे. तीही त्या हाकेला शेपटीने ओ देऊ लागली. स्वतःच्या या संयमाचा मला तेव्हा थोडा अभिमानच वाटत होता.

पाय जुळला, पण किंचित आखूड राहिला. मधल्या काळात तिची नसबंदी झाली, रेबीजची लस टोचून झाली. आता खरे तर तिला जिथून उचलले तिथेच नेऊन सोडायला हवे होते. भटक्या कुत्र्यांसंबंधीचे २००१ चे नियम हेच सांगत होते आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियमही हेच सांगतात : शस्त्रक्रिया करा, लस द्या आणि ज्या वस्तीतले कुत्रे त्या वस्तीत परत सोडा. यामागे नुसती भूतदया नाही, विचार आहे. एका वस्तीतली कुत्री उचलून नेली की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी शिरतात, आणि त्यांना ना लस टोचलेली असते ना त्यांची नसबंदी झालेली. हे सारे मला पटते. परंतु तीन महिने गैरहजर राहिलेल्या लंगड्या कुत्रीची जागा तिच्या टोळीने राखून ठेवलेली नसते, आणि त्या दुभाजकापाशी वाहनांचा वेगही काही कमी झाला नव्हता. दोनदा तिला घेऊन तिथवर गेले. दोन्ही वेळा ती माझ्या पायाला अंग चिकटवून उभी राहिली आणि आम्ही घरी परतलो. स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला सोडायला युधिष्ठिराने नकार दिला, हे महाप्रस्थानिक पर्वात आपण आदराने वाचतो. त्याला इंद्राशी वाद घालावा लागला, हे खरे. पण भाडेकरार त्याच्या वाट्याला आला नव्हता.

मग स्थळे पाहणे सुरू झाले. हा शब्द माझ्या आईचा. कार्यालयात सांगून झाले, दवाखान्याच्या भिंतीवर आणि वाण्याच्या दुकानात चिठ्ठी लावून झाली. फोन येऊ लागले. पहिला प्रश्न बहुधा एकच असे : "जात कोणती?" गावठी, असे सांगितले की पलीकडचा उत्साह मावळे. (माणसांच्या बाबतीत आपण इतके सरळ विचारीत नाही, आडनाव विचारतो.) दुसरा प्रश्न, "नर की मादी?" मादी म्हटल्याबरोबर "मग नको". मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दारात कुत्र्यांची रांग लागते, पिल्लांचे काय करायचे हा पेच पडतो. ही अडचण खोटी नाही. पण नसबंदी झाली आहे, आता पिल्ले होणार नाहीत, हे सांगितल्यावरही नकार तसाच राही. एका घरी भिंतीवर दत्ताची मोठी तसबीर होती, पायाशी चार कुत्री. त्या तसबिरीखाली बसूनच मला ऐकवण्यात आले की, दारात मादी बरी दिसत नाही. परतताना आई रिक्षात एक शब्दही बोलली नाही. आम्ही तिघी बहिणी आहोत.

काही नकार माझेही होते. मुलाच्या वाढदिवसाला देण्यासाठी कुत्री हवी असलेल्या जोडप्याला मी नाही म्हटले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. एका निवृत्त शिक्षकांचे मात्र अजून मनातून जात नाही. वय ७७, पत्नी निवर्तलेल्या, घर नीटनेटके. त्यांनी तिच्या आखूड पायावरून इतक्या हळुवारपणे हात फिरवला की मला वाटले, शोध संपला. निरोप घेताना ते म्हणाले, "ही अजून दहाबारा वर्षं जगेल. माझं तसं सांगता येत नाही. माझ्यामागे हिला कोण बघेल, ते मुलाला विचारून घेतो." चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मुलाने नाही म्हटले होते. हे सांगताना त्यांनी दोनदा क्षमा मागितली. मी म्हणाले, असू द्या सर. दुसरे काय म्हणणार?

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षमळ्यावरून फोन आला होता, तो मी आधी बाजूलाच ठेवला होता. "राखणीला पाहिजे," असे ते म्हणाले होते. प्रेमळ घर म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर एक गादी, दुधाची वाटी आणि हौसेने फिरायला नेणारे कोणीतरी असे. राखणीला कुत्री ठेवणे म्हणजे चाकरीला ठेवणे, अशी माझी समजूत. शिवाय त्या भागात बिबट्याचा वावर. उसात तो दडतो आणि वस्तीवर आला की आधी कुत्रेच उचलतो. दसरा उलटला, मुदत संपत आली, तेव्हा नाइलाजाने गेले.

छाटणीचे दिवस होते. ओट्यावर म्हातारी आजी लसूण सोलत बसली होती. मी माझे प्रश्न काढले : बांधून ठेवणार का? खायला काय? आजारी पडली तर? तिने एकेकाचे उत्तर दिले. दिवसा सावलीत बांधू, संध्याकाळी सोडू, अंधार पडला की पडवीत घेऊन दार लावू. भाकरी आमची तीच तिची. गाईचा डॉक्टर येतोच. शेवटी मी बिबट्याचे विचारले. आजीने लसणाची पाकळी सुपात टाकली.

"येतो ना. खोटं कशाला सांगू? वरसातून एकदोनदा येतो. तुमच्या गाड्या तर रोज येतात, ताई."

मला उत्तर सुचले नाही. तेवढ्यात तिने विचारले, "नाव काय हिचं?"

"ठेवलं नाही."

"तीन महिने घरात, आणि नाव नाही?"

तिच्या स्वरात राग नव्हता, नवल होते. ज्याला मी संयम म्हणत आले होते, त्याला दुसरेही एखादे नाव असू शकेल, हे मला त्या ओट्यावर पहिल्यांदा जाणवले. आजीने कुत्रीकडे क्षणभर पाहिले आणि गाईला हाक मारावी तशी हाक मारली, "तांबे!" ती कान टवकारून उठली. मी लसीकरणाचे कागद दिले, तिची सतरंजी दिली आणि मागे न पाहता निघाले. कोपऱ्यावर मात्र पाहिलेच. ती माझ्याकडे पाहत उभी होती, दावे ताणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे पाऊस आला, तेव्हा पडवीचे दार लावले असेल ना, एवढेच मनात येत राहिले.

माघात पुन्हा गेले. मण्यांचा हिरवा रंग टिकावा म्हणून घडांना कागद गुंडाळले होते. सारा मळा वर्तमानपत्रे वाचीत असल्यासारखा दिसत होता. फाटकाशी पोचले तोच ती तीन पायांवर जोर देत धावत आली आणि माझ्यावर भुंकू लागली. पाठीवरचे केस उभे, दात दिसत होते. अंगाने भरली होती. मी "अगं" म्हटले. ती थबकली, पण भुंकणे थांबले नाही. मी जागच्या जागी उभी राहिले.

ओट्यावरून आजीचा आवाज आला, "तांबे, येऊ दे तिला. आपलीच आहे."