सागाचा दिवाण, मोती आणि मनी



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे. तो घराची राखण करतो.' दहा ओळी झाल्या की निबंध संपतो. पण त्याच इमानी कुत्र्याने आजोबांच्या खुर्चीचा पाय कुरतडला तर काय करायचं, हे कुठल्याच निबंधात नसतं. घरात खरी परीक्षा तिथेच असते. प्राण्यावरचं प्रेम तिथे टिकतं, नाहीतर पोत्यात भरून रानात जातं.

आपल्या माढा भागात पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. कुत्रं अंगणात किंवा वस्तीवर, मांजर चुलीपाशी. लाकडाचं सामान म्हणजे बाभळीच्या पायांची बाज, पाट, चौरंग, देव्हारा आणि फार तर एखादं कपाट. बाभळीचं लाकूड इतकं चिवट की त्यावर कुणाचं दातवण चालत नसे. आता घरं बंदिस्त झाली, हॉल आले, सोफे आले आणि कुत्रं-मांजरही उंबऱ्याच्या आत आलं. एकाच छपराखाली पॉलिश केलेलं लाकूड आणि नखं-दात असलेला जीव, असा हा संसार आहे.

आमच्या घरात सासऱ्यांनी सुताराकडून करून घेतलेला सागवानी दिवाण आहे. सासरे आता नाहीत. सासूबाई रोज सकाळी तो पुसतात आणि पुसताना त्यांचा हात जरा जास्तच वेळ त्यावर राहतो, हे आम्ही सगळेच बघतो. मुलीच्या हट्टामुळे मनी नावाची मांजर आली आणि पाठोपाठ दोन महिन्यांचा मोती आला. चार महिन्यांचा झाल्यावर मोतीने दिवाणाचा एक पाय चघळून मऊ केला. दुसऱ्या पायावर मनीने बोचकारे काढले. सासूबाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्यांच्या हातचं आता एवढंच राहिलंय गं." शेजारच्या काकूंनी लगेच उपाय सांगितला, "द्या की उजनीच्या काठाला सोडून, जगतील तिकडं." मुलगी दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिने विचारलं, "आई, दिवाण मोठा का मोती?"

या प्रश्नाचं उत्तर 'दिवाण' असंही देता येत नाही आणि 'मोती' असंही देता येत नाही. एक म्हणजे आजीची आठवण, दुसरा जिवंत जीव. म्हणून तिला म्हटलं, आधी दोघांचा स्वभाव समजून घेऊ. कुत्र्या-मांजराचा स्वभाव आणि लाकडाचाही.

प्राणी असं का करतात?

कुत्र्याच्या पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. साधारण तीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. आपल्या बाळाला दात येताना ते जे हाती लागेल ते तोंडात घालतं, तसंच हे. पिल्लू मुद्दाम नुकसान करत नाही, त्याला चघळायला काहीतरी हवंच असतं. आपण दिलं नाही तर ते दिवाणाचा पाय शोधतं.

मग द्यायचं काय? जाड सुती दोरीची घट्ट गाठ, ओला करून फ्रीजमध्ये गार केलेला फडक्याचा पीळ, गाजराचा मोठा तुकडा. शिजवलेलं हाड देऊ नये, त्याच्या अणकुचीदार चिपा होतात आणि घशात-आतड्यात रुततात. जुनी चप्पलही देऊ नये. जुनी चप्पल आपली आणि नवी साहेबांची, हा फरक कुत्र्याला कळत नाही. पिल्लू लाकडाला लागलं की न मारता, न ओरडता त्याच्या तोंडात दोरी द्यायची आणि ते दोरी चघळू लागलं की शाबासकी द्यायची. वर्गातही हाच नियम आहे ना? नुसतं 'हे करू नको' म्हणून भागत नाही, 'हे कर' असं सांगावं लागतं.

मांजराची गोष्ट वेगळी. तिची नखं पापुद्र्यांची असतात. खरखरीत जागी घासली की वरचं जुनं टरफल निघतं आणि खाली धारदार नख येतं. आमच्या दिवाणाखाली झाडताना चंद्रकोरीसारखी टरफलं सापडली, ती मुलीने काडेपेटीत जपून ठेवलीत. शिवाय तळपायातल्या ग्रंथींचा वास त्या जागी लागतो, म्हणजे 'ही जागा माझी' अशी सही होते. झोपून उठल्यावर अंग ताणायलाही तिला उभी, घट्ट वस्तू लागते. म्हणून मांजर नखं घासणारच. तिने ती कुठे घासायची, एवढंच आपल्या हातात आहे.

मोडक्या बाजेचा एक पाय माळ्यावर पडून होता. तो जड फळीवर उभा ठोकला आणि बाज विणतात तसा काथ्या खालपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळला. बाजेचा पाय आखूड पडत होता, म्हणून वर एक लाकडी तुकडा जोडून उंची तीन फूट केली. मांजर मागच्या पायांवर पूर्ण ताणून उभी राहिली तरी पुरली पाहिजे आणि खांब हलता कामा नये. हलला की ती पुन्हा त्याकडे फिरकत नाही. खांब कोपऱ्यात लपवून ठेवला नाही, जिथे ती बोचकारत होती त्या दिवाणाच्या पायाशेजारीच ठेवला. दिवाणाच्या पायाला काही दिवस गुळगुळीत प्लॅस्टिक गुंडाळलं. मनीने दोन-तीन दिवस वास घेतला आणि मग काथ्याला लागली. तिथून पुढे खांब रोज वीतभर सरकवत खिडकीपाशी नेला.

लाकडाचाही स्वभाव असतो

लाकूड तोडलं, रंधलं, पॉलिश केलं तरी ते हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठाक होते आणि लाकूड आकसतं. पावसाळी हवेत तेच फुगतं आणि ड्रॉवर अडकून बसतो. गंमत म्हणजे ते रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाळ्यात अडकलेला ड्रॉवर घाईने घासून बारीक करू नये, उन्हाळ्यात तो खुळखुळतो.

प्राण्यांच्या घरात ओलाव्याची आणखी दोन कारणं असतात. एक म्हणजे पाण्याचं भांडं. ते लाकडी पायाजवळ ठेवलं की सांडलेलं पाणी मुरतं आणि ओल्या लाकडाला वाळवी लवकर लागते. भांडं फरशीवर, लाकडापासून दूर ठेवावं. दुसरं म्हणजे लघवी. ती दिसताच जुन्या सुती कापडाने टिपून घ्यावी, चोळू नये, चोळली की आत जाते. मग ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करावं. ती तशीच राहिली तर त्यातून अमोनिया तयार होतो, लाकूड काळवंडतं आणि त्या वासाने प्राणी पुन्हा तिथेच येतो. त्यावर ब्लीचिंगचं पाणी मात्र कधीच ओतू नये. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. एमडीएफच्या सामानाला जास्तच जपावं, ते पाण्याने एकदा फुगलं की पूर्ववत होत नाही.

आणि घरात नीट सवय लागलेलं मांजर अचानक भलतीकडे लघवी करू लागलं, तर आधी त्याच्या तब्येतीकडे बघा. बोका सारखा लघवीला बसतोय आणि होत नाहीये, असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. मूत्रमार्ग अडला असेल तर जिवावर बेततं.

पुसणं, दुरुस्ती आणि पॉलिश

रोजची धूळ मऊ सुती कापडाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसावी. धुळीत बारीक खडे असतात, दाबून पुसलं की तेच ओरखडे काढतात. केस काढायला कापड किंचित ओलसर करावं. जुन्या सामानावर बहुधा चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असतं. ते स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून त्यावर सॅनिटायझर चालत नाही. ओळखायचं कसं? न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा हलकेच लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश समजा.

उथळ ओरखडे मेणाने भरतात. खोल असतील तर त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून भरावा, पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावा आणि मग पॉलिश करावं. आमच्या दिवाणाचा पाय सुतारकाकांनी असाच नीट केला. दाताच्या खुणा दिसतात अजून, पण हाताला टोचत नाहीत.

पॉलिश वाळेपर्यंत प्राण्यांना त्या खोलीत सोडू नये. ती चाटतात, अंगाला लागलेलंही चाटूनच साफ करतात. जवसाचं तेल लावलं असेल तर तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर पसरून वाळवा.

काही नेहमीच्या वस्तू मात्र प्राण्यांना घातक आहेत. कपाटातल्या डांबर गोळ्या, फिनेल, निलगिरीचं तेल. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं, हे लक्षात ठेवा. प्राणी फिरकू नये म्हणून लाकडाला तिखट लावणंही क्रूरपणाच आहे.

वर्गात हे कसं आणता येईल?

पालकहो, घरातलं पिल्लू 'सोडून देणं' हा आपल्याकडे सहज दिला जाणारा सल्ला आहे. पण उपासमारीने हाल होतील अशा ठिकाणी प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. संविधानाच्या 51क कलमात प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. आणि पंढरपूर तर आपल्या शेजारचंच. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट इथल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे.

शिक्षकांसाठी काही सोप्या कृती:

1. लाकडाची पट्टी लांबीत आणि रुंदीत मोजा. रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. कुठली बाजू वाढली?
2. घरातलं मांजर अंग ताणून उभं राहतं तेव्हा भिंतीवर किती उंच पोचतं, ते लांबूनच बघून खूण करून मोजा.
3. गावातल्या सुतारकाकांना वर्गात बोलवा. बाभूळ, लिंब, साग यांतलं कुठलं लाकूड कशाला वापरतात, ते मुलांनी विचारावं.
4. 'माझा आवडता प्राणी' याऐवजी 'माझ्या प्राण्याने केलेलं नुकसान आणि आम्ही काढलेला मार्ग' असा निबंध द्या.

चौथी कृती मी पाचवीच्या वर्गात करून पाहिली. एका मुलाने लिहिलं की त्यांच्या शेळीच्या करडाने देव्हाऱ्याचा कोपरा खाल्ला आणि आजोबांनी तिथे पितळी पट्टी मारली. 'आता देव्हारा पहिल्यापेक्षा चांगला दिसतो,' हे त्याचं शेवटचं वाक्य होतं. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, तरी मी त्याला पूर्ण गुण दिले.