कोळशाच्या रेषा आणि रेलाचा फेर

चांद्याच्या बाजूस जाण्याचें ठरलें, तेव्हां आमच्या पुतणीनें कपड्यांच्याही आधीं कोळशाच्या कांड्या व पेस्टलचे रंगीत खडू बांधून घेतले. ती चित्रकला शिकते. फ्रेंच चित्रकार एडगर देगा (१८३४–१९१७) यानें काढलेलीं बॅले नर्तकींचीं चित्रें तिच्या विशेष आवडीचीं. त्यांत रंगमंचावरील झगमगाटापेक्षां तालमींतील श्रमच अधिक दिसतात. कोणी वाकून बुटाची फीत बांधते आहे, कोणी दमून पाठ चोळते आहे.

मूलवरून वैनगंगा ओलांडून आम्ही प्रथम चामोर्शीजवळच्या मार्कंड्यास गेलों. येथें नदी वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि तीरावरील देवालयांच्या भिंती देवतांच्या व सुरसुंदरींच्या मूर्तींनीं भरलेल्या आहेत. पुतणीनें त्यांतील एक मूर्ति कोळशानें उतरवली. चित्र हुबेहूब साधलें. पण ती म्हणाली, "काका, दगड आपल्यासाठीं थांबतो. नाचणारें माणूस थोडेंच थांबतें!"

पुढें आष्टी, आलापल्ली असें करीत, सागाच्या दाट रानांतून भामरागडास पोहोंचलों. पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांचा येथें संगम आहे. जवळच्या एका माडिया गोंडांच्या गांवीं रात्रीं रेला नृत्य होतें. गांवच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन आम्ही एका कडेला बसलों. स्त्रिया एकमेकींच्या कमरेभोंवतीं हात गुंफून उभ्या राहिल्या. एका बाजूनें गाण्याची ओळ निघाली, दुसरीनें ती उचलली, आणि सारी रांग एका पावलानें सरकूं लागली.

पुतणीचा हात भराभर चालत होता. विसांव्याच्या वेळीं एक वृद्धा जवळ आली. कागदावर तिची नात होती. पाऊल उचललेलें, मान किंचित् कललेली. आम्हांस तर चित्र फारच सुरेख वाटलें. वृद्धेनें तें बराच वेळ न्याहाळलें व कांहीं विचारलें. सोबतच्या गुरुजींनीं मराठींत सांगितलें, "त्या विचारतात, पोर एकटीच कां? हिचे हात कोणीं सोडविले?"

पुतणी ओशाळली. आम्हीही ओशाळलों. आमच्या भरल्या घरांत वाढलेल्या मुलीस, आणि आम्हांसही, ही गोष्ट परक्यानें सांगावी लागली! पाहणारा आपल्या आवडीपुरतें तेवढें उचलतो. नाचणारीला मात्र शेजारणीच्या हातावांचून पाऊलच टाकतां येत नाहीं.

चित्र पुरें करावयास कागद अपुरा पडला. तेव्हां तिनें दुसरा कागद त्याला जोडला, मग तिसरा. देगाही चित्र वाढवावेंसें वाटलें म्हणजे कागदाला पट्ट्या जोडीत असे, हें तिनें आम्हांस मागाहून सांगितलें. पहांटेपर्यंत रांगेंतल्या अकरा जणी कागदावर आल्या. चेहरे पुसट होते. पण कमरेभोंवतींचे हात मात्र ठसठशीत उतरले होते.

तें चित्र वृद्धेच्या घरींच राहिलें. आमच्या दिवाणखान्यांत मार्कंड्याची सुरसुंदरी तेवढी टांगली आहे. ती सुंदर आहे खरी. पण तिच्याकडे पाहिलें कीं, हिचे हात कोणीं सोडविले, हा प्रश्न हटकून आठवतो.